२१ बाइटचं अमरावती, १५ बाइटचं अकोला

'अमरावती' हा शब्द संगणकात २१ बाइट जागा घेतो. रोमन अक्षरांत हेच गाव ८ बाइटमध्ये मावतं. अकोल्याचा हिशेब आणखी सरळ : मराठीत १५, रोमनमध्ये ५. आज सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, ३ बाइट खातं. फाइली आवळणारं मोफत सॉफ्टवेअर निवडताना मराठी माणसाने हा आकडा आधी लक्षात घ्यावा. या सॉफ्टवेअरच्या गाजलेल्या तुलना इंग्रजी मजकुरावर झालेल्या आहेत.

तिप्पट जागा म्हणजे तिप्पट नुकसान, असं मात्र नाही. अमरावतीचे बाइट सुटे करून बघा : २२४-१६४-१३३, २२४-१६४-१७४, २२४-१६४-१७६, २२४-१६४-१९०, २२४-१६४-१८१, २२४-१६४-१६४, २२४-१६५-१२८. सात चिन्हं, सात तिकड्या. प्रत्येकीचा पहिला आकडा २२४. दुसरा १६४, फक्त शेवटच्या वेलांटीला १६५. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य संचाला १२८ जागा दिल्या आहेत, त्यामुळे दुसरा आकडा या दोनांपलीकडे जातच नाही. खरी माहिती तिसऱ्या आकड्यात आहे, पहिले दोन जवळजवळ भरताड. आवळणाऱ्या सॉफ्टवेअरला नेमकं हेच हवं असतं, कारण पुनरावृत्ती शोधून ती थोडक्यात लिहिणं हेच त्याचं काम. मराठीची साधी टेक्स्ट फाइल म्हणूनच चांगली आवळली जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. फिल कॅट्झ यांनी १९८९ साली झिप आणलं. त्यात पुढे रुळलेली डिफ्लेट पद्धत पुनरावृत्ती शोधताना मागच्या ३२,७६८ बाइटांपलीकडे बघत नाही. इंग्रजीत तेवढ्यात ३२,७६८ अक्षरं येतात. मराठीत तिनाने भागा : १०,९२२ चिन्हं, म्हणजे या लेखाएवढे साधारण दोन लेख. तिसऱ्या लेखात 'जिल्हाधिकारी कार्यालय' पुन्हा आलं, तरी पहिल्या लेखातलं झिपला आठवत नाही. ७-झिप या मोफत सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या .७झेड प्रकारात ही मर्यादा मेगाबाइटमध्ये मोजतात. १६ एमबी धरली तरी मराठीची सुमारे ५५ लाख चिन्हं एका नजरेत येतात. शिवाय झिप प्रत्येक फाइल वेगळी आवळतं, तर .७झेड अनेक फाइली सलग धरून आवळू शकतं. वर्षभराच्या बातम्यांच्या शेकडो लहान टेक्स्ट फाइली असतील, तर हा फरक ठळक दिसतो.

किती ठळक? मॅट महोनी यांची मजकुराची जुनी कसोटी आहे : इंग्रजी विकिपीडियाचे १०० कोटी बाइट. झिपचीच डिफ्लेट पद्धत वापरणाऱ्या जीझिपने ते सुमारे ३२.३ कोटींवर आणले, बीझिप२ ने २५.४ कोटींवर. ७-झिपने मजकुरासाठीची पीपीएमडी ही रीत वापरून १७.९ कोटी गाठले. झिपच्या वाटेने गेलेल्या फाइलीपेक्षा ही फाइल जवळपास निम्मी.

पण अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात संगणकाच्या दुकानात बसलेल्याला हे आकडे सांगून उपयोग नाही. त्याच्यापुढे येणारी मागणी अशी असते : "भाऊ, हे पीडीएफ बारीक करून द्या ना, अपलोडच होऊन नाही राहिलं." तिथे झिपही कामाचं नाही आणि ७-झिपही. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. जेपेग फोटो आधीच आवळलेला असतो; झिप केल्यावर तो टक्का-दोन टक्के घटला तरी खूप. स्कॅन केलेल्या पीडीएफची तीच गत. वर्डची .डॉक्स फाइल तर आतून झिपच असते, तिला पुन्हा झिप करून हाती काही लागत नाही.

वऱ्हाडात हा भेद कापसावरून लगेच कळावा. ५ क्विंटल कापसातून सरकी निघाली की साधारण १७० किलो रुई उरते. ती सरकी पुन्हा त्या रुईत जात नाही. जेपेग हे असं जिनिंग आहे, काही भाग कायमचा काढून टाकणारं. झिप म्हणजे नुसतं प्रेसिंग : गाठ सोडली की रुई होती तेवढीच. फोटो ५० केबीत बसवायचा असेल तर त्याची लांबी-रुंदी किंवा दर्जा कमी करावा लागतो, आणि ते काम फोटोच्या सॉफ्टवेअरचं.

आता निवडीकडे. विनरारला लोक मोफत समजतात, पण ते ४० दिवसांच्या चाचणीपुरतं मोफत आहे. त्यानंतरही ते चालतं, फक्त आठवण करून देतं. घरी कुणी विचारत नाही, कार्यालयात मात्र तो सरळ परवानाभंग ठरतो. इगोर पावलोव्ह यांचं १९९९ पासूनचं ७-झिप मुक्तस्रोत आहे, दुकानात वापरलं तरी एक रुपया लागत नाही. दिसायला रुक्ष आहे, यात वाद नाही. चेहरामोहरा बरा हवा असेल तर पीझिप घ्या, तेही मुक्तस्रोत. विंडोज ११ ला २०२३ पासून .रार आणि .७झेड उघडता येतात, त्यामुळे केवळ आलेली फाइल उघडायची असेल तर काहीच बसवू नका.

फुकट वस्तूची राखण मात्र आपणच करायची. विनरारमधल्या एका छिद्रातून २०२३ साली हल्ले झाले, ते ६.२३ आवृत्तीत बुजवलं. २०२५ साली पुन्हा तसंच झालं, तेव्हा ७.१३ आली. ७-झिपमधलं एक छिद्र नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ मध्ये बुजवलं गेलं. ७-झिप स्वतःहून अद्ययावत होत नाही. दुकानातल्या संगणकावर चार वर्षांपूर्वीची आवृत्ती असेल तर ती आजच बदला.

पासवर्डचा भाग सर्वांत दुर्लक्षित. पॅन, आधार, विवरणपत्रं ई-मेलवर फिरतात, आणि झिपचं जुनं कुलूप फोडण्याची रीत बिहाम आणि कोचर यांनी १९९४ सालीच मांडली आहे. ७-झिपमध्ये .झिप बनवताना आपण बदललं नाही तर हेच जुनं कुलूप लागतं. यादीतून एईएस-२५६ निवडावं लागतं. त्यातल्या किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. आणि झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं उघडीच दिसतात. ती झाकायची तर .७झेड घेऊन 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करावी.

कुलूप पक्कं म्हणजे विसरणंही पक्कं. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. किल्ली पंथातच राहिली, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उकलेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना हे मराठी वाङ्मय बंद होतं. ती लिपी निदान उकलता आली. एईएस-२५६ चा मजबूत पासवर्ड हरवला तर कुणी राजवाडे मदतीला येणार नाहीत.

मराठी नावांच्या फाइलींचं एक जुनं दुखणंही आहे. झिपमध्ये यूटीएफ-८ नावांची सोय २००६ साली आली. जुनं विंडोज अशा नावांच्या फाइली झिप करायला नकार देत असे, किंवा उघडताना नावांच्या जागी कचरा दाखवत असे. समोर जुना संगणक असेल तर फाइलीचं नाव रोमनमध्ये द्या.

माझा कौल असा : सॉफ्टवेअर ७-झिप. दुसऱ्याला पाठवायचं तर .झिप, कारण मोबाइलवर .७झेडसाठी बहुधा वेगळं ॲप लागतं. मराठी मजकूर स्वतःजवळ साठवायचा तर .७झेड. फोटो आणि स्कॅन यांच्यावर वेळ घालवू नका. पासवर्ड फाइलीसोबत त्याच व्हॉट्सॲपवर न धाडता फोन करून सांगा. आणि मूळ फाइली पुसण्याआधी ७-झिपमधलं 'टेस्ट' बटण एकदा दाबा.