एफसी पुणे सिटी : पाच मोसमांतील संघबांधणीचा मागोवा

एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या आठ संघांपैकी एक. २०१४ ते २०१९ या काळात तो पाच मोसम खेळला. त्याचे घरचे मैदान बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होते आणि पुढे त्याची अकादमी मामुर्डीत चालली. बालेवाडी ते मामुर्डी हा सगळा परिसर पुण्याच्या पश्चिम वेशीवरचा. पाचांपैकी चार मोसमांत संघाला बाद फेरी गाठता आली नाही. दोन मोसमांच्या मधल्या काळात संघ कसा उभा केला गेला, हे पाहिले की त्या अपयशाचा आणि मधल्या एकमेव यशाचाही बराचसा उलगडा होतो.

बालेवाडीत फुटबॉल त्याआधीच रुजला होता. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी हा संघ २००७ मध्ये सुरू झाला आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. तळाला राहिला आणि बंद पडला. २०१५ मध्ये पुणे एफसीचा वरिष्ठ संघही थांबला. आयएसएलमध्ये मात्र वाधवान समूहाने पुण्याची फ्रँचायझी घेतली होती. अभिनेता हृतिक रोशन हा सहमालक आणि इटलीचा फिओरेंटिना क्लब भागीदार होता.

पहिल्या तीन मोसमांत संघबांधणीची चौकटच तात्पुरती होती. स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चाले आणि साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने येत. अनेक भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून उसने येत आणि डिसेंबरनंतर परत जात. जुलै २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या ड्राफ्टमध्ये ८४ भारतीय खेळाडूंची वाटणी झाली, तर परदेशी खेळाडूंसाठी ऑगस्टमध्ये वेगळा ड्राफ्ट झाला. याशिवाय प्रत्येक संघाला एक नामांकित ‘मार्की’ खेळाडू घ्यावा लागे. पुण्याने फ्रान्सचा डाविड ट्रेझेगे निवडला. २००० च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना त्याच्या सुवर्ण गोलने निकाली निघाला होता, पण पुण्यात आला तेव्हा तो कारकिर्दीच्या अखेरीला पोहोचला होता. २००४ ची युरो जिंकणाऱ्या ग्रीक संघातला कोस्तास कात्सुरानिसही सोबत होता. प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा इटलीचे होते आणि परदेशी खेळाडूंत इटालियनांचा भरणा होता. संघ सहावा आला.

२०१५ मध्ये प्रशिक्षकासकट जवळजवळ सगळे बदलले. इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट आले. मार्की खेळाडू म्हणून रुमानियाचा आड्रियान मुटू घेतला गेला. त्याच्या जोडीला तुर्कस्तानचा तुन्जाय शान्ली, आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा आणि नायजेरियाचा कालू उचे होते. १० जुलै रोजी दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात पुण्याने मधल्या फळीतल्या युजेनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख रुपये मोजले. सुनील छेत्रीला मुंबईने १ कोटी २० लाखांना घेतले, त्याखालोखालची ही बोली होती. जॅकीचंद सिंगवर आणखी ४५ लाख खर्च झाले. एवढा खर्च करूनही संघ आठांत सातवा राहिला. मुटू, झोकोरा, तुन्जाय ही नावे मोठी होती, पण त्यांच्यापैकी कोणीही भारतातल्या उकाड्यात, तीन-चार दिवसांच्या अंतराने येणाऱ्या सामन्यांत आधी खेळलेले नव्हते.

२०१६ साठी कोलकात्याला २०१४ चे विजेतेपद मिळवून देणारे स्पॅनिश प्रशिक्षक अँटोनियो हबास पुण्यात आले. आदल्या मोसमातल्या निलंबनामुळे सुरुवातीच्या चार सामन्यांत त्यांना संघासोबत बसता आले नाही. आइसलँडचा मार्की खेळाडू एडुर गुडजॉनसेन दुखापतीमुळे मोसमापूर्वीच बाहेर गेला आणि ऐनवेळी मोहम्मद सिसोकोला आणावे लागले. संघ पुन्हा सहावा आला. मात्र पुढच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच वर्षी घडली : क्लबने पुणे एफसीची अकादमी ताब्यात घेतली. मलप्पुरमहून त्या अकादमीत आलेला आशिक कुरुनियन त्यामुळे पुण्याच्या हाती आला.

२०१७ मध्ये नियम बदलले. बेंगळुरू आणि जमशेदपूर आल्याने संघ दहा झाले, मोसम नोव्हेंबर ते मार्च असा लांबला, साखळीतले सामने १८ झाले आणि सुरुवातीच्या अकरांत सहा भारतीय खेळाडू बंधनकारक ठरले. पुण्याने या खेपेस नावाऐवजी लीगमधला अनुभव पाहिला. आदल्या मोसमात दिल्लीकडून दहा गोल करून ‘गोल्डन बूट’ मिळवणारा ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्टचा उरुग्वेयन आघाडीवीर एमिलियानो अल्फारो असे दोघे आले. मार्कोस तेबार आणि दिएगो कार्लोस यांनी संघात भर घातली. भारतीय बाजूला गोलरक्षक विशाल कैथ, बचावात सार्थक गोलुई, मधल्या फळीत आदिल खान आणि आघाडीला आशिक, असा बहुतांशी तरुण ताफा जमला. जुलैच्या ड्राफ्टनंतर, सप्टेंबरमध्ये हबास गेले आणि सर्बियाचे रान्को पोपोविच आले. पण तोवर संघ बांधून झाला होता. अल्फारोने नऊ, मार्सेलिन्योने आठ गोल केले. ३० गुणांसह पुणे चौथे आले आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. बालेवाडीत बेंगळुरूविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. परतीच्या सामन्यात छेत्रीच्या हॅट्ट्रिकने पुणे १-३ असे हरले.

२०१८ पासून भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट बंद झाला आणि क्लब थेट करार करू लागले. पुण्याने गाभ्याचे खेळाडू राखले, लीगमधला सर्वांत अनुभवी गोलस्कोरर इयन ह्यूम आणि इंग्लिश बचावपटू मॅट मिल्स घेतले. पोपोविच मात्र गेले. त्यांच्या जागी आलेले मिगेल आन्हेल पोर्तुगाल पहिल्या तीन सामन्यांत एकही विजय मिळवू शकले नाहीत आणि ऑक्टोबरमध्येच त्यांना हटवले गेले. प्रद्युम्न रेड्डी यांनी हंगामी सूत्रे सांभाळली, डिसेंबरमध्ये फिल ब्राउन आले. खेळाडू तेच असूनही एका मोसमात तीन प्रशिक्षक झाल्याने सुरुवातीला गमावलेले गुण भरून निघाले नाहीत. संघ सातवा आला.

२०१९ च्या उन्हाळ्यात वाधवान समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि संघबांधणीचा प्रश्नच उरला नाही. आशिक बेंगळुरूकडे, कैथ चेन्नईकडे, गोलुई मुंबईकडे गेला. ऑगस्टअखेरीस फ्रँचायझी नव्या मालकांकडे गेली आणि हैदराबाद एफसी स्थापन झाला. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, आशिष राय यांच्यासह अनेक खेळाडू आणि प्रशिक्षक ब्राउनही तिकडे गेले. पहिल्या मोसमात तो संघ तळाला राहिला. मात्र मानोलो मार्केझ यांच्याकडे सूत्रे देऊन, तरुण भारतीय खेळाडूंना सलग संधी देत त्याने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. पुण्याला आयएसएलमध्ये त्यानंतर संघ मिळालेला नाही.