साठ्यांचा तबला आणि मोकळं जॅझ

मुंबईत जन्मलेले तबलावादक केशव साठे लंडनला स्थायिक झाले आणि थेट फ्री जॅझच्या गर्दीत जाऊन बसले! ऑक्टोबर 1967 मध्ये जर्मनीतल्या फिलिंगेन गावात ‘जॅझ मीट्स इंडिया’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पुढे ‘जॅझ मीट्स एशिया’ या संचातून तो पुन्हा बाजारात आला.

एका बाजूला दिवाण मोतीहार (सतार, गायन), साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. दुसऱ्या बाजूला स्विस पियानोवादक इरेन श्वायत्सर, बासवर उली ट्रेप्टे, ड्रम्सवर मानी नॉयमायर. शिवाय मॅनफ्रेड शूफ यांचं ट्रम्पेट नि बार्नी विलेन यांचा सॅक्सोफोन.

रचना तीनच. सतारीभोवती पियानो वादळासारखा उसळतो, सॅक्सोफोन किंचाळतो, पण तबल्याचे बोल स्वच्छ ऐकू येतात. साठे कुणावर कुरघोडी करत नाहीत आणि मागेही हटत नाहीत. रेकॉर्डचा खरा कणा तेच आहेत.

एका रचनेचं नाव ‘ब्रिगाख अँड गँजीस’. ब्रिगाख ही फिलिंगेनची छोटी नदी, ब्रेग नदीला मिळून तिची डॅन्यूब होते. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू यांचं पाणी उल्हास नदीत जातं, तसंच काहीसं. ठाकर वस्तीवरच्या ढोलावर वाढलेल्या कानांनी सुरुवात या रचनेपासूनच करावी. हेडफोन लावून, आणि आधी फक्त तबल्याचा माग धरून.

ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी या ध्वनिमुद्रणानंतर पुढच्याच वर्षी ‘गुरु गुरु’ हा रॉक बँड काढला.