खाजणातला भुरा राता

खाडीला उधाण येऊन बांध फुटला की काय होते, ते भाईंदर, राई, मुर्ध्याच्या जुन्या माणसांना विचारा. पाणी ओसरते, पण मीठ मागे राहते. मग लावणीनंतर रोपे शेंड्याकडून करपू लागतात.

कोकणच्या अशा खाजणांत आपल्या वाडवडिलांनी एक भात जपला, त्याचे नाव भुरा राता. दाणा तांबडा, उतारा बेताचा, पण खाऱ्या पाण्याला दाद न देणारा.

मग उतारा वाढवायचा कसा? शास्त्रज्ञांनी त्याची सोयरीक जुळवली. एकीकडे भुऱ्या रात्यातून निवडलेला ‘भुरा राता ४-१०’, दुसरीकडे फिलिपाइन्समधून १९६६ साली प्रसारित झालेला बुटका, भरघोस ‘आय. आर. ८’. या संकरातून ‘पनवेल-१’ हा खारजमिनीचा वाण मिळाला. पुढे पनवेल-२ आणि पनवेल-३ हेही वाण आले.

हे काम मोठे चिकाटीचे. भाताच्या इवल्या फुलातले सहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर शिंपडायचे. पहिली पिढी सारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र उंच, बुटकी, तांबडी, पांढरी अशी सरमिसळ होते. हे कोडे मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून उलगडले आणि १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. त्या सरमिसळीतून खारात तगणारी आणि भरपूर पिकणारी रोपे निवडायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. वाटाणा, ओट आणि भात ही पिके बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात. म्हणून सुधारित वाणाचे बी घरचे ठेवता येते. मात्र भेसळीच्या लोंब्या कापणीपूर्वी उपटून टाका. संकरित भाताचे बी मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते. आणि वाण कितीही काटक असला, तरी बांध आणि उघाडीची डागडुजी चुकवू नका.

आणखी एक. तुमच्या घरी राता भाताचे बी असेल, तर एक वाफा त्याच्यासाठी राखा. समुद्राची पातळी वाढते आहे, खार आणखी आत येणार आहे. उद्याचा वाण घडवायला हेच जुने बी लागेल, आणि एकदा ते गेले की कोणत्याही दुकानात मिळणार नाही.