मेडिकलच्या मुलाखतीचा क्लास काढताय? आधी हा हिशोब करा



मागच्या आठवड्यात आसनगाव स्टेशनबाहेर चहा घेताना एक तरुण भेटला. शहापुरात त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. म्हणाला, "सर, मेडिकल ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूची तयारी करून देणारा क्लास काढतोय. शहापूर-मुरबाडमध्ये असा क्लास कोणाचाच नाही. चालेल ना?"

मी विचारलं, "इंटरव्ह्यू असतो कुठे, ते सांग." तो गप्प झाला.

एखादा धंदा गावात कोणीच करत नाही, याची दोन कारणं असू शकतात. एक, कोणाला सुचला नाही. दोन, त्याला गिऱ्हाईकच नाही. दुकानाचं डिपॉझिट भरण्याआधी यातलं कोणतं कारण खरं, ते शोधायला हवं. चला, आज तेच करूया.

मुलाखत नक्की कुठे असते?

महाराष्ट्रात एमबीबीएसला प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर. 720 गुणांची परीक्षा, ती मराठीतूनही देता येते. सरकारी कॉलेजच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि बाकीच्या राज्याच्या कोट्यात, त्या सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून भरतात. यात मुलाखत कुठेच नाही. म्हणून कोणी तुमच्याकडे येऊन "मॅनेजमेंटचा इंटरव्ह्यू सेट करून देतो, पाच टक्के तुमचे" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अशा माणसाच्या नादाने आईबाप जमीन विकतात आणि नंतर गावात तोंड तुम्हाला लपवावं लागतं.

पूर्वी वेगळ्या वाटा होत्या. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 साली सुरू झालं. नीट येण्याआधी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. आता तिथेही नीट.

खरी मुलाखत आजही होते ती पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. नीटनंतर एमसीसीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तो पर्याय निवडावा लागतो. त्यातून निवडलेल्या मुलांची इंग्रजी आकलन आणि तर्कबुद्धीची चाचणी होते, मानसशास्त्रीय चाचणी होते, मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. पण अख्ख्या देशासाठी जागा दीडशेच्या आसपास. आपल्या दोन तालुक्यांतून तिथपर्यंत दरवर्षी किती मुलं पोचतील? तुमचं उत्तर तुम्हीच द्या.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये 15 ऑक्टोबरपर्यंत अर्ज करायचा, मेडिकलची जास्तीत जास्त चार कॉलेजं निवडायची आणि मुलाखत द्यायची. बऱ्याच ठिकाणी एकापाठोपाठ एक छोट्या मुलाखती होतात. ही पद्धत कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून जगभर गेली. पण ते गिऱ्हाईक आज तुमच्या काउंटरवर येणारं नाही.

मग काम कुठे आहे? फाईलमध्ये!

मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे, धसईच्या मुलाला एका दाखल्यासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा पडल्या, की बापाची मजुरी बुडते. डोळखांब, किन्हवलीकडेही तीच गत. मुलगा नीट पास होतो आणि कागदाला अडतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, ओबीसी असेल तर नॉन-क्रीमी लेयर, आर्थिक दुर्बल गटात असेल तर त्याचं प्रमाणपत्र. आपल्याकडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाची मुलं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी जमातीची वैधता हा सगळ्यात वेळखाऊ कागद. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली नोंदी शोधाव्या लागतात. हे काम जूनमध्ये निकाल लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालाच म्हणून समजा. अकरावीत सुरू करायचं.

आणि ही फाईल फक्त मेडिकलला लागत नाही. बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, सगळीकडे कमी-अधिक हेच कागद. म्हणजे गिऱ्हाईक आपोआप वाढलं की नाही?

एका मोबाइल नंबरची किंमत

माझ्या नात्यातल्या एका मुलाचा फॉर्म एका दुकानातून भरला होता. दुकानदाराने सोय म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, पासवर्डही त्याच्याकडेच. कॉलेजचे पर्याय भरायच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद, दुकानदार लग्नाला गेलेला. ओटीपी त्याच्या फोनवर येतोय आणि पोरगं इकडे सायबर कॅफेत रडतंय. ती फेरी हुकली. त्याच्या आईने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "आपल्यालाच कळत नाही ना." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दुकानदार वाईट नव्हता. त्याला आपल्या कामाचं वजन माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून हे पाच नियम लिहून काउंटरवर लावा:

1. मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचा किंवा पालकांचाच. पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून द्यायचा.
2. मूळ कागद दुकानात ठेवायचे नाहीत. स्कॅन करा आणि हातात परत द्या.
3. दाखल्याची सरकारी फी वेगळी आणि आपली मेहनत वेगळी, दोन्ही पावतीवर दिसली पाहिजे. ठरलेल्या सरकारी फीवर एक रुपया जास्त नको.
4. "ॲडमिशन करून देतो" हे वाक्य बंद. "फाईल पूर्ण करून देतो, तारखा कळवतो" एवढंच बोलायचं.
5. फॉर्म सबमिट करण्याआधी मुलाने स्वतः वाचून सही करायची. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग, तिन्ही.

आणि मुलाखतीचा सराव?

तोही ठेवा, पण जोडधंदा म्हणून. एएफएमसीपर्यंत पोचलेलं पोर आलं, तर त्याला पाठ केलेली उत्तरं देऊ नका. "मला देशसेवा करायची आहे" हे समोरच्यांनी हजार वेळा ऐकलंय. त्यापेक्षा त्याला त्याचाच तालुका विचारा. भातसा आणि तानसा धरणं शहापुरात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर, असं का? भातलावणीत साप चावला तर पहिल्या तासात काय करायचं, रुग्ण कुठे न्यायचा? तुझ्या पाड्यावर माणसं दवाखान्याआधी भगताकडे का जातात? डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाकडे याचं स्वतः पाहिलेलं उत्तर असतं. फक्त ते बोलायची त्याला सवय नसते.

पद्धत सोपी आहे. तीन अनोळखी माणसं समोर बसवा. एखादे निवृत्त शिक्षक, एखादे माजी सैनिक, एखादी नर्सताई. वीस मिनिटं प्रश्न, मोबाइलवर रेकॉर्डिंग, मग मुलाला ते दाखवा. आधी मराठीत विचार सुटसुटीत होऊ द्या, नंतर तेच इंग्रजीत. "माहीत नाही सर" हे न घाबरता म्हणायलाही शिकवा. लष्करी सेवेचा बॉण्ड असतो, तो आईबापांना आधी समजावून सांगा.

याचे पैसे घेऊ नका असं मी म्हणेन. वर्षाला एक मुलगा तुमच्याकडून तयार होऊन गेला, तर तालुक्यात त्याच्यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?

आता हिशोब

उदाहरण म्हणून धरा. एका फाईलचे 600 रुपये आणि वर्षाला 50 फाईली. झाले 30,000. एका फाईलला मिळून पाच तास गेले तर 250 तास, म्हणजे तासाला 120 रुपये. यात नवीन गाळा भाड्याने घेणं परवडत नाही. पण चालू दुकानात एक कोपरा, एक स्कॅनर आणि भिंतीवर तारखांचं कॅलेंडर, इतकं नक्की परवडतं. पैसे यूपीआयने घ्या, नोंद राहते. आपल्या धसईने 2016 सालीच कॅशलेस गाव होऊन दाखवलंय, तुम्हाला काय अवघड आहे?

आसनगावच्या त्या मित्राने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे क्लासचा बोर्ड नको?" म्हटलं, बोर्ड लाव, पण त्यावर लिही, "प्रवेशाची फाईल, अकरावीपासून."

या आठवड्याचा गृहपाठ: जवळच्या दोन ज्युनिअर कॉलेजांत जा. सायन्सला किती मुलं आहेत आणि त्यांतल्या किती जणांकडे जात वैधता आहे, हे सरांना विचारा. दोन आकडे वहीत लिहा. तेच तुमचं मार्केट. आकडे हातात आले की मगच पैसे लावा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब लिहीत राहा!