निरोप पोचतो, पैसा का अडतो?

‘लिंक नाही’ या दोन शब्दांचा अर्थ गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतल्या आडगावांत धानाच्या चुकाऱ्याची रक्कम खात्यात जमा होते. ती हातात पडायची तर ग्राहक सेवा केंद्रातल्या यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. अंगठा हजर असतो, खात्यात पैसेही असतात, लिंक तेवढी नसते. मग तालुक्याला एक खेप, बसभाडे आणि बुडालेली रोजी.

अशा ठिकाणी तंत्राची हौस असलेल्या माणसाच्या डोक्यात एक विचार येतोच. टॉवर नाही तर आपणच आपले जाळे का विणू नये? तळहाताएवढे रेडिओ मिळतात, ते उन्हावर चालतात, एकमेकांचे निरोप पुढे ढकलतात. आणि निरोप जात असेल तर पैसा का जाऊ नये? शेवटी आजचा पैसा म्हणजेही आकड्यांचा निरोपच. या विचाराचा पहिला अर्धा भाग आज सहज जमतो. दुसरा जमत नाही, आणि तो का जमत नाही हे पाहताना पैसा म्हणजे काय याचाच उलगडा होतो.

आधी रेडिओ. ‘लोरा’ हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीचे. २०१२ साली ती अमेरिकी सेमटेकने विकत घेतली. गुराखी रानात हाळी देतो तेव्हा शब्द लांबवतो, आवाज चढवत नेतो, कारण तुटक बोलणे वाऱ्यात विरते. लोरा जवळपास तेच करते. प्रत्येक खुणेसाठी लहरीची वारंवारता खालून वर सरकत जाते, आणि ऐकणारे यंत्र तो चढ ओळखते, मग तो भोवतालच्या गोंगाटाहून क्षीण असला तरी चालतो. किंमत मोजावी लागते ती वेगाची. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटा पट्टा २००५पासून ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो, म्हणून हौशी माणसाला इथे शिरकाव आहे. (हॅम रेडिओसाठी मात्र परीक्षा आणि परवाना लागतो, आणि त्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही.)

२०२०मध्ये सुरू झालेल्या ‘मेशटास्टिक’ या खुल्या प्रणालीने अशा रेडिओंची साखळी करणे सोपे केले. एका नोडने पाठवलेला निरोप ऐकणारा नोड तो पुन्हा उच्चारतो. अशा किती उड्या घ्यायच्या ते ठरवता येते. सहसा तीन, जास्तीत जास्त सात. एका निरोपात साधारण २३० बाइट मावतात. इथे मराठी माणसाला एक टोचणी आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-मात्रा-हलन्तालाही, तीन. ‘गावात हत्ती आले’ याला ४१ बाइट लागतात. हेच रोमन लिपीत पंधरा-सोळात भागते.

विजेचा हिशेब वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. काटकसरी चिपचा नोड सरासरी दहा मिलिअँपिअरवर चालतो. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या एका सेलवर तो उन्हाशिवाय बारा दिवस तग धरू शकतो. वाय-फायची सोय असलेली स्वस्त पाटी शंभर मिलिअँपिअर खाते आणि दीड दिवसात मान टाकते. गोंदियात बाराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे इथे सौरपाटीच्या आकारापेक्षा चिपची निवड महत्त्वाची. शिवाय ओल्या पानांचे जंगल लहरी शोषते. नोड झाडाच्या फांदीवर टांगण्यापेक्षा गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवणे बरे.

एवढे जमले तर निरोपाचा उपयोग खरा आहे. २०२२मध्ये रानहत्तींचा कळप गडचिरोलीकडून अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आला, तेव्हा कळप कुठल्या शिवारात आहे हे पुढच्या गावाला वेळेत कळणे हा पिकाचा आणि जिवाचा प्रश्न होता. असा निरोप दहा जणांना दहादा मिळाला तरी बिघडत नाही. उलट तेच हवे असते.

पैशाचे मर्म नेमके इथे उलटे आहे. निरोपाची नक्कल झाली की तो पसरतो. पैशाची नक्कल झाली की तो बुडतो. माझ्याकडचे शंभर रुपये मी किराणावाल्यालाही पाठवले आणि तेच शंभर पिठाच्या गिरणीवाल्यालाही, तर दोघांच्या रेडिओवर निरोप अगदी सारखा आणि खरा दिसेल. कोणता आधीचा, हे सांगणारी एकच वही कुठेतरी असावी लागते. बँक म्हणजे ती वही. २००८च्या बिटकॉइनच्या निबंधाने ती वही एका बँकेकडे न ठेवता सगळ्यांकडे ठेवायची युक्ती मांडली.

बिटकॉइनचा एक साधा व्यवहार दोन-अडीचशे बाइटांचा, म्हणजे लोराच्या एकदोन निरोपांत बसणारा. २०१९मध्ये हौशी मंडळींनी टोरांटोहून सॅन फ्रान्सिस्कोला हॅम रेडिओवरून असे पैसे पाठवूनही दाखवले. पण पाठवणे म्हणजे पोचणे नव्हे. घेणाऱ्याला खात्री करायची तर ती सामाईक वही ताजी हवी. तिचे एक नवे पान दर दहा मिनिटांनी येते आणि ते दीड मेगाबाइटचे धरले, तर सेकंदाला हजार बिटांच्या लोरावरून उतरायला तीन तासांहून अधिक वेळ लागेल. तोवर मागे अठरा-वीस पाने साचलेली.

यावर २०१६चा उपाय म्हणजे ‘लाइटनिंग’. दोघांनी मिळून थोडी रक्कम बांधून ठेवायची, आपसातला हिशेब आपसातच बदलत राहायचा आणि शेवटचा आकडा तेवढा मोठ्या वहीत चढवायचा. ऐकायला गावच्या उधारीसारखे वाटते, पण अट कडक आहे. समोरच्याने जुना, त्याच्या फायद्याचा हिशेब वहीत चढवला तर तो खोटा ठरवायला तुम्हाला ठरावीक मुदत मिळते, सहसा एक दिवस ते दोन आठवडे. तेवढ्यात तुमचा नोड जागा नसेल तर रक्कम गेली. श्रावणाच्या झडीत चार दिवस सौरपाटी मिटलेली असणे म्हणजे इथे हक्क सोडणे. तिऱ्हाइताला राखणीला बसवता येते. मग मध्यस्थ नको म्हणून सुरू केलेल्या खेळात मध्यस्थ परत आला. कायद्याची गोष्ट वेगळीच. १ एप्रिल २०२२पासून अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, मग हस्तांतर पावशेर तेलासाठी का असेना.

संथ वाटेवरून पैसा पाठवण्याचा प्रश्न मात्र नवा नाही, आणि हौशी मंडळींनी चिपच्या माहितीपत्रकाइतकीच हुंडीची माहितीही वाचावी असे मला वाटते. हुंडी म्हणजे निरोपच होता: अमुक पेढीने अमुक रक्कम द्यावी. जासूद वाटेत लुटला गेला, कागद हरवला, तर पुन्हा हुंडी लिहीत. तिला ‘पेठ’ म्हणत आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. नंतरच्या कागदात आधीच्यांचा उल्लेख असे, म्हणजे एकदाच पैसे द्यायचे हे पेढीला कळावे. एकच पैसा दोनदा खर्च होण्याचा धोका त्यांनी गणिताने नव्हे, तर नोंदीने आणि ओळखीने बांधला होता. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२मध्ये इंटरनेटशिवायच्या छोट्या रकमांसाठी चौकट आखली तेव्हा वेगळ्या शब्दांत हेच केले. दर व्यवहाराला २०० रुपये (पुढे ५००), एकूण २००० रुपये. लबाडी होऊ शकते हे गृहीत धरून नुकसानीला कुंपण घातले. ठाणे जिल्ह्यातले धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा भिस्त स्वाइप यंत्रांवर आणि म्हणून लिंकवर होती.

मग सालेकसा-देवरीकडच्या खटपट्याने करावे काय? माझ्या मते पैसा पाठवण्याचा नाद सोडून हिशेब पाठवावा. दुकानदार, गिरणी आणि बचत गट यांच्यात उधारीची नोंद सही-शिक्क्याच्या डिजिटल रूपात, अनुक्रमांकासह, लोरावरून जाऊ शकते. दोन्ही वह्या रात्री जुळतात आणि आठवड्याने कोणी रेंजमध्ये गेला की खात्यातून खरे पैसे फिरतात. मर्यादा गावानेच ठरवायची, ओळखीप्रमाणे.

नोड बसवण्याआधी दोन ठिकाणी जावे लागेल. नवेगाव-नागझिऱ्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काही टांगता येणार नाही. आणि नक्षलग्रस्त म्हणून नोंदल्या गेलेल्या या भागात सांकेतिक निरोप पाठवणारी अनोळखी पेटी टाकीवर दिसली तर विचारणा होणारच. म्हणून पेटी चढवण्याआधी ती पोलीस ठाण्यात नेऊन, उघडून, तिच्यावरून काय जाते ते दाखवून यावे. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असला तर आणखी बरे.