काहिलीतला रस आणि ३१ मार्चचा हिशेब



गुऱ्हाळावर दिवस मावळला आणि काहिलीत रस अर्धाच आटला असेल, तर त्या दिवसाचा गूळ किती धरायचा? ढेप झाली नाही म्हणून शून्य म्हणावे, तर ऊस आणि जळण वाया गेल्यासारखे दिसते. पुरी ढेप धरावी, तर उद्याची मेहनत आजच जमेस येते. कारखान्यापुढे ३१ मार्चला हाच प्रश्न उभा राहतो. ताळेबंदात ‘प्रक्रियेतील साठा’ अशी जी ओळ असते, ती म्हणजे टाक्यांतला रस, पाक आणि पॅन व क्रिस्टलायझरमधले मॅसेक्विट.

हा माल पोती मोजावीत तसा मोजता येत नाही. केमिस्ट त्याचे माप घेतात, ब्रिक्स व शुद्धता तपासतात. समजा, ३१ मार्चला गाळप थांबले, पण आत १०० टन मॅसेक्विट शिल्लक आहे. ब्रिक्स ९२, म्हणजे ९२ टन घन पदार्थ. शुद्धता ८४, म्हणजे त्यात सुमारे ७७ टन साखर. पण थोडी साखर मळीत जाणारच. मळीची शुद्धता ३० धरली, तर हाती येणारी साखर सुमारे ७१ टन, म्हणजे ७१० क्विंटल.

आता किंमत. तयार साखरेचा खर्च क्विंटलला ३,६०० रुपये धरू आणि पोत्यात भरेपर्यंतचा बाकी खर्च १०० रुपये. मग आजचा भाव ३,५०० रुपये, साठा २४,८५,००० रुपयांचा. बाजारात विकून, बाकी खर्च वजा जाता, याहून कमी पैसे येणार असतील, तर तो कमी आकडाच धरायचा, असा हिशेबाचा नियम आहे.

हल्ली हा हिशेब संगणकात ‘प्रॉडक्शन ऑर्डर’ उघडून ठेवतात. ऊस, चुना, गंधक, मजुरी हे सारे त्या ऑर्डरच्या नावे पडते. पोती गोदामात गेली की ठरलेल्या दराने तेवढी रक्कम वजा होते. उरते ती शिल्लक संगणक ‘प्रक्रियेतील माल’ म्हणून दाखवतो. पण संगणक काही पॅनमध्ये डोकावून पाहत नाही! रस सांडला, साखर मळीत जास्त गेली, तरी ऑर्डर बंद करीपर्यंत तो तोटा माल म्हणूनच दिसत राहतो.

म्हणून संगणकाची शिल्लक केमिस्टच्या मापाशी ताडून पाहावी लागते. पॅन रिकामे झाल्यावर ७१० ऐवजी ६९० क्विंटलच साखर भरली, तर २० क्विंटलचे ७०,००० रुपये खर्चात टाकून ऑर्डर बंद केली पाहिजे.

यात आपला काय संबंध? साठा फुगवला तर नफा कागदावर वाढतो. त्यावर भरवसा ठेवून जादा दर वा लाभांश ठरला, की पुढच्या वर्षी खड्डा आपल्याच पैशातून भरावा लागतो. साठा कमी धरला, तर यंदा ऊस घालणाऱ्याच्या हक्काचे पैसे मागे राहतात.

तेव्हा वार्षिक सभेत अहवाल हाती आला की तीन गोष्टी जरूर विचारा : ३१ मार्चला आत किती साखर धरली होती? प्रत्यक्षात किती भरली? फरक कोणत्या खात्यात टाकला? हिशेब आपला आहे. विचारण्यात संकोच कसला?