पॅकेजच्या आधी एक प्रश्न

प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत शेवटी विचारतात, 'तुम्हाला काही विचारायचंय?' आपण बहुतेक वेळा 'नाही सर' म्हणून मोकळे होतो. केमिकल किंवा फार्मा प्लांटमध्ये जाणार असाल, तर एक प्रश्न नक्की विचारा : 'इथे काही धोकादायक दिसलं, तर मी कुणाला सांगायचं? आणि सांगितल्यावर पुढे काय होतं?'

का? भोपाळ आठवा. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हजारो माणसं गेली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, सुटलेला वायू जाळणारा टॉवरही चालू नव्हता. बरं, हे अचानक झालं नव्हतं. १९८२मध्येच कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी त्याच वर्षी धोक्याबद्दल लिहीत होते. माहिती होती, ती मनावर घेणारं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडच्या वस्तीला तर वायू सुटल्यावर काय करायचं, हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून १९८७मध्ये कारखाना कायदा बदलला. धोकादायक उद्योगांनी कामगारांना आणि आसपासच्या लोकांना माहिती देणं बंधनकारक झालं. धोका दिसला तर तसं सांगण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

पण कायदा हक्क देतो, हिंमत नाही. ती कामाच्या ठिकाणच्या वातावरणातून येते. जिथे नव्या पोराला 'तू गप्प बस' म्हणतात, त्या प्लांटवर शेजारचं गाव तरी का विश्वास ठेवेल?

तेव्हा प्रश्न विचारा आणि समोरच्याकडे नीट बघा. तो कपाळाला आठ्या घालतो, की सविस्तर सांगायला लागतो? पॅकेजचं नंतर बोलू.